जेल नेल्स करायला निघालात? काढायचे कसे, ते आधी ठरवा

मागच्या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नासाठी मी पहिल्यांदा जेल नेल्स केले. लग्न झालं, सत्यनारायण झाला, फोटो आले. तिसऱ्या आठवड्यात कडा सुटायला लागल्या. सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकून मी अंगठ्याच्या सुटलेल्या कडेखाली दुसऱ्या हाताचं नख सरकवलं, तर अख्खा पापुद्रा अलगद हातात आला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घाटकोपरला अंगठा, कुर्ल्याला तर्जनी, आणि दादर येईपर्यंत उजव्या हाताची पाचही नखं सोलून झाली होती. उठताना ओढणीवर पडलेला एक पापुद्रा उचलून पाहिला. वरून मरून, आणि पोटाशी पांढरी, भुरभुरीत साय. ती साय माझ्याच नखाची होती.

त्या रात्री आमटीवर लिंबू पिळताना मी कळवळले. पुढचे कितीतरी दिवस गरम पाणी सोसवेना, आणि नखं कागदासारखी वाकायची. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला ६ महिने. तेवढे मी मोजले.

पार्लरमध्ये रंग निवडायला आपण अर्धा तास घालवतो, पण हे काढणार कसं आणि कधी, हे विचारतच नाही. म्हणून हा लेख थोडा उलटा वाचा: सातवा मुद्दा आधी वाचून मग वर आलात तरी चालेल.

१. आधी नावं सुटी करून घ्या

पार्लरच्या पाटीवर जेल, ॲक्रिलिक, एक्स्टेन्शन, ओव्हरले हे सगळं एका दमात लिहिलेलं असतं. आपण ‘जेल नेल्स’ म्हणतो तेव्हा त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली जेल पॉलिश. आपल्याच नखावर ब्रशने लावतात, दिव्याखाली धरतात, आणि ती ॲसिटोनमध्ये सुटते. दुसरी हार्ड जेल. नखाची लांबी वाढवायला, म्हणजे एक्स्टेन्शनला, ती वापरतात. ती ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, घासूनच काढावी लागते. बिल्डर जेल नावाने मिळणाऱ्या प्रकारात काही सुटणारे असतात, काही नसतात. ‘हे सोक-ऑफ, म्हणजे ॲसिटोनमध्ये सुटणारं, आहे का?’ हा एकच प्रश्न लावण्याआधी विचारलात, तरी अर्धं काम झालं. ॲक्रिलिक म्हणजे पावडर आणि द्रव मिसळून केलेलं, उग्र वासाचं. त्याला दिवा लागत नाही. ते या लेखात नाही.

साधं नेलपॉलिश वाळतं, म्हणजे त्यातला द्रव उडून जातो आणि रंग मागे उरतो. जेल वाळत नाही. त्यात मेथाक्रिलेट जातीचे छोटे छोटे रेणू असतात, ते दिव्याच्या किरणांनी एकमेकांत गुंफले जातात आणि नखावर प्लास्टिकचं घट्ट जाळं तयार होतं. म्हणून ते भांडी घासली तरी टवका न उडता टिकतं, आणि म्हणूनच साध्या रिमूव्हरला दाद देत नाही.

‘आमचा दिवा एलईडी आहे, यूव्ही नाही’ असं हमखास ऐकाल. एलईडी हा दिव्याचा प्रकार झाला. त्यातून येणारे किरण अतिनील ‘ए’ गटातले किंवा त्याच्या काठावरचेच असतात, नाहीतर जेल घट्टच होणार नाही.

२. कोणी सध्या थांबावं

नखाभोवती चीर, नखुरडं, बुरशी किंवा सोरायसिस असेल तर आधी ते बरं होऊ द्या. जेलखाली झाकलं की दिसत नाही आणि वाढत राहतं.

पावसाळ्यातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होऊ नये म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. महापालिकाही दर पावसाळ्यात तसं आवाहन करते. या गोळीने त्वचा आणि नखं अतिनील किरणांना हळवी होतात, काहींची नखं उन्हानेसुद्धा मांसापासून सुटतात. ती गोळी चालू असताना हात दिव्यात घालू नका. गोळी मात्र नखांसाठी टाळू नका, जेल पुढे ढकला. मुरुमांसाठी हीच गोळी बरेच दिवस घेणाऱ्या मुलींनीही हे लक्षात ठेवावं.

ऑपरेशनची किंवा बाळंतपणाची तारीख जवळ असेल तर थांबा. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतात, तेव्हा गडद रंगाने आकडा चुकू शकतो. रात्री दोन वाजता नर्सताईंनी ‘नेलपॉलिश काढा’ म्हटल्यावर साधं पॉलिश निघेल, जेल निघणार नाही. आणि तुम्ही स्वतःच नर्स किंवा डॉक्टर असाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचना थेट रुग्णसेवा करणाऱ्यांना कृत्रिम नखं लावू नका असंच सांगतात, कारण त्यांच्याखाली जंतू राहतात.

३. पार्लर पाच मिनिटं नुसतं पाहा

लोखंडवालाच्या चकचकीत नेल बारमध्ये जा किंवा स्टेशनजवळच्या जिन्याखालच्या पार्लरमध्ये, किमतीवरून काही कळत नाही. मी दोन्हीकडे बसले आहे. जाऊन आधी नुसतं पाहायचं, आधीच्या बाईचं काय चाललंय ते.

फाईल आणि बफर प्रत्येकीला नवीन काढतात की ट्रेमधला तोच फिरवतात? लोखंडी हत्यारं कशी साफ करतात? निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवली म्हणजे ती निर्जंतुक झाली असं नाही. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, असेल तर उत्तमच, निदान आधी घासून धुवून मग जंतुनाशकात पुरेसा वेळ बुडवलेली हवीत. बाटल्यांवर लेबल आहे का? बाहेरून आलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. फक्त परकी लिपी आणि एक फूल छापलेलं असेल, तर ‘नंतर येते’ म्हणून निघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीच्या बाईचं जुनं जेल कसं काढतात ते पाहा. फॉईल गुंडाळून बसवलंय का? की टोकदार पट्टीने उचकटताहेत? मी ज्या पार्लरमध्ये पहिल्यांदा गेले तिथे हे समोरच चाललं होतं, आणि मी मोबाइलवर रंग बघत बसले होते.

४. बरोबर काय न्यायचं

आधार कार्ड लागत नाही, पण रिकाम्या हाताने जाऊ नका:

• उन्हात स्कूटी चालवताना घालतात ते सुती हातमोजे, बोटांची टोकं कापून
• नाहीतर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन. निघायच्या २० मिनिटं आधी हाताच्या पाठीवर लावा, नखांवर नको, नाहीतर जेल पकडणार नाही
• स्वतःची फाईल आणि बफर
• आधी कधी केसांच्या डायने, चिकटपट्टीने किंवा दाताच्या सिमेंटने खाज आली असेल तर ती माहिती, आणि चालू गोळ्यांची नावं
• वापरलेल्या बाटल्यांच्या लेबलचे फोटो घ्यायला मोबाइल

शेवटचं काम करताना पार्लरवाली ताई विचित्र बघेल. बघू दे. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी ‘काय लावलं होतं?’ विचारलं, तेव्हा माझ्याकडे ‘मरून’ एवढंच उत्तर होतं.

हातमोज्यांचं कारण असं. जानेवारी २०२३मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या संशोधकांचा अभ्यास आला. माणसाच्या आणि उंदराच्या पेशी या दिव्याखाली ठेवल्या, तर २० मिनिटांच्या एका बैठकीत २० ते ३० टक्के पेशी मेल्या, आणि सलग तीन बैठकींत ६५ ते ७० टक्के. जगलेल्यांच्या डीएनएत बदल दिसले. मात्र त्या काचेच्या बशीतल्या उघड्या पेशी होत्या. आपल्या हातावर त्वचेचा मेलेला थर असतो, आणि आपण एका दमात २० मिनिटं हात घालतही नाही. त्यातून ‘जेलने कॅन्सर होतो’ सिद्ध होत नाही. पण तीस रुपयांचे मोजे कापायला काय जातं?

५. खुर्चीत बसल्यावर बोलायला शिका

आपल्याकडे पार्लरमध्ये ‘दुखतंय का?’ विचारलं की आपण ‘नाही नाही, चालू दे’ म्हणतो. इथे तसं नको.

क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, ही नखाची सीलबंद पट्टी आहे. ती मागे सारू द्या, कापू देऊ नका. कापली की पाणी आणि जंतू थेट आत. नखाचा वरचा तुकतुकीतपणा घालवायला हलका बफर पुरतो. ड्रिल मशीन लावून नख गरम होईपर्यंत घासत असतील तर हात मागे घ्या.

जेल कातडीला लागता कामा नये. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नख हे मेलेलं केराटिन आहे, त्याला ॲलर्जी येत नाही. येते ती बाजूच्या जिवंत कातडीला, कच्च्या जेलमुळे. कडेला जेल ओघळलं तर हात दिव्यात घालायच्या आधी पुसून घ्यायला सांगा. दिव्यात गेल्यावर ते तिथे चिकटलं, की कड सुटण्याची सुरुवातही तिथूनच होते.

दिव्यात अचानक चटका बसला तर हात बाहेर काढा. घट्ट होताना जेल उष्णता सोडतं. थर जाड असेल किंवा नख पातळ झालेलं असेल तर जास्तच. सहन करायची गोष्ट नाही ती. पातळ थर, दोन-तीनदा.

शेवटी वर एक चिकट थर राहतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा पूर्ण घट्ट होत नाही, त्यामुळे बऱ्याच टॉप कोटना तो येतोच. स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. तो बोळा बोटांच्या कातडीवरून फिरवू नये, कारण त्यात कच्चं जेल आहे. हे मला फार उशिरा कळलं.

६. पुढचे दोन-तीन आठवडे घरात आणि लोकलमध्ये

फिक्या रंगावर हळदीचा डाग हमखास पडतो. फोडणी-भाजी रोजची असेल तर पांढरा, बेबी पिंक विसरा. डाग पडलाच तर घासू नका, खिडकीतल्या उन्हात थोडा वेळ हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. मोदकांची उकड लांब नखांनी मळायला जाऊ नका. चव कशी लागेल तो प्रश्न वेगळा, पण नखाखाली अडकलेलं पीठ निघत नाही, आणि सासूबाईंचं लक्ष तिथेच असतं. कोळंबी सोलताना आणि भांडी घासताना रबरी हातमोजे. टोपणं, टिनच्या झाकणाच्या कड्या, स्टिकर यांना नख लावायचं नाही. नख म्हणजे पकड नव्हे.

रोज रात्री नखांच्या मुळाशी खोबरेल तेल. पार्लरमधलं क्युटिकल ऑइल छान वासाचं असतं, काम खोबरेल करतं.

रोज एकदा कडा पाहा. एक जरी सुटली असेल तर तिथे पाणी शिरतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते वाळत नाही. त्या ओलाव्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो आणि नख हिरवट दिसायला लागतं. वरून नवा कोट लावून हिरवा डाग झाकणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. ते जेल काढायलाच हवं.

७. काढणं

तारीख लावतानाच ठरवा, दोन-तीन आठवड्यांनंतरची. मोबाइलवर टाका. वेळ आणि पैसे ‘लावणं अधिक काढणं’ असेच धरा. माझ्या पार्लरमध्ये काढायचे पैसे वेगळे होते आणि ते वाचवायला गेले म्हणूनच चौथ्या सीटवरचा कार्यक्रम झाला.

हार्ड जेल घरी काढायचा प्रयत्न करू नका. ते घासूनच निघतं, आणि जेल कुठे संपलं, नख कुठे सुरू झालं, हे कळायला सराव लागतो. जेल पॉलिश घरी काढता येतं. त्यासाठी लागतं शुद्ध ॲसिटोन (दुकानातलं ‘ॲसिटोन फ्री’ रिमूव्हर इथे उपयोगाचं नाही), कापूस, पोळीच्या डब्यातली फॉईल, जाडसर फाईल, व्हॅसलीन, लाकडी काडी आणि पाऊण तास, ज्यात दाराची बेल वाजणार नाही.

आधी खिडकी उघडा. गॅस बंद, देवघरातली निरांजन शांत झालेली, उदबत्तीसुद्धा नको. ॲसिटोन भसकन पेटतं, आणि त्याची वाफ पसरते.

टॉप कोटची चकाकी जाईपर्यंत फाईल फिरवा. हे टाळलंत तर ॲसिटोन आत शिरणारच नाही आणि तुम्ही चिडून उचकटाल. बाजूच्या कातडीला व्हॅसलीन. नखाएवढाच कापसाचा तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर, वरून फॉईल घट्ट. एका वेळी एकच हात करा. दोन्ही हात गुंडाळून बसलात की नेमका फोन वाजतो. १० ते १५ मिनिटं थांबा. फॉईल काढल्यावर जेल उकललेलं, सुरकुतलेलं दिसेल. लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच ढकला. निघालं तर निघालं. नाही निघालं तर जोर लावायचा नाही, पुन्हा ५ मिनिटं गुंडाळा. मला अंगठ्याला तीनदा गुंडाळावं लागलं.

नंतर साबणाने हात धुऊन तेल. नखं पांढुरकी, कोरडी दिसतील, ॲसिटोन पाणी आणि स्निग्धता ओढून घेतं. ते एक-दोन दिवसांत सुधारतं. खडबडीत पांढरे चट्टे राहिले तर मात्र वरचे थर निघालेत असं समजा, आणि ते वाढून पुढे जाईपर्यंत नख आखूड ठेवा.

‘नखांना श्वास घेऊ द्या’ असं सगळ्या म्हणतात. नख श्वास घेत नाही, त्याला जे लागतं ते रक्तातून मुळाशी मिळतं. तरी मध्ये खंड द्यावा तो वेगळ्या कारणासाठी: उघडं नख दिसतं, आणि दिसलं तर बिघाड कळतो.

८. घरचा किट: मोह टाळता आला तर टाळा

नखं बरी झाल्यावर मी पुन्हा शहाणपणा केला. पार्लर नको म्हणून ऑनलाइन किट मागवला: एक छोटा दिवा आणि सहा बाटल्या. महिन्या-दीड महिन्यात बोटांची टोकं खाजायला लागली. मग पापण्या. पापण्यांना काय झालं म्हणून मी काजळ बदललं, उशीचा अभ्रा बदलला. नखांकडे लक्षच गेलं नाही.

घरच्या किटमध्ये दोन गोष्टी बिघडतात. एक, हात सरावलेला नसतो, जेल कातडीला लागतं. दोन, दिवा आणि जेल यांची जोडी जमेलच असं नाही. एका कंपनीचं जेल दुसऱ्या कंपनीच्या दिव्याखाली वरून कडक होतं, आतून कच्चं राहतं, आणि ते कच्चं जेल तुम्ही तीन आठवडे बोटांवर मिरवता.

लेबलवर एचईएमए शोधा. वाचायला ‘हेमा’, शेजारच्या काकूंचं नाव वाटावं असं. हे हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट. जेलच्या ॲलर्जीत याचं नाव सगळ्यात जास्त वेळा येतं, आणि युरोपात ते असलेलं नखांचं उत्पादन फक्त व्यावसायिक वापरासाठी आहे. ‘हेमा-फ्री’ लिहिलेलं दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, त्याची चुलत भावंडं आत असतात. दुसरं नाव टीपीओ: दिव्याखाली जेल घट्ट करायला मदत करणारा घटक. प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननावर परिणाम दिसल्यामुळे युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत तो बंद केला. घाबरायचं कारण नाही, पण नवी बाटली घेताना तो नसलेली घ्या.

९. खाज आली तर

नखाभोवती लाली, बारीक पुळ्या, चिरा, बोटांची टोकं बधिर वाटणं, नख मांसापासून सुटणं, किंवा हात लागतो तिथे, म्हणजे पापण्या, मान, गाल इथे पुरळ. यातलं काही दिसलं तर जेल काढा आणि नवीन लावू नका. ‘दुसऱ्या कंपनीचं लावून बघू’ हा सगळ्यात महागात पडणारा प्रयोग आहे, कारण ॲलर्जी एकदा बसली की बहुधा कायमची, आणि दर वेळेला थोडी आणखी चिडते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खासगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. ओपीडी सकाळी असते, केसपेपरच्या रांगेसाठी लवकर निघा. पॅच टेस्ट करता येईल का, ते विचारा. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, साधारण ४८ तासांनी काढून पाहतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही. मुंबईत मे महिन्यात ही शिक्षाच आहे, म्हणून जमलं तर थंडीत जा. त्या वेळी बाटल्यांच्या लेबलचे फोटो दाखवा.

माझी मेथाक्रिलेटची चकती लाल आली. डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिलं आणि म्हणाल्या, ‘हे दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं.’ मला वाटलं चुकून म्हणाल्या. पण दातांत भरतात त्या पांढऱ्या फिलिंगमध्ये आणि ते चिकटवायच्या द्रवात याच कुळातली रसायनं असतात, हाडांच्या ऑपरेशनमधल्या सिमेंटमध्येही. गेल्या महिन्यात दाढ भरायला गेले तेव्हा तो कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, माझ्या फाइलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला आणि सहायकाला म्हणाले, ‘दोन हातमोजे दे, आणि हे मटेरियल ठेव, दुसरं काढ.’